वरची फट

थळ,
१४ जुलै २०२५

चि. दत्तात्रेय यास, थळहून सुचिताताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र सदा टेम्पोवाल्याबरोबर पाठवते आहे. पाकिटाला चारी बाजूंनी डिंक लावलाय आणि वरून चिकटपट्टी. कुठे उचकटलेलं दिसलं तर सदाला तिथल्या तिथे विचार. फोन केला असता, पण माझा फोन आमच्या सूनबाईने, प्रणालीने, असा काही जोडून ठेवलाय की मला आलेला मेसेज आधी साहिलच्या लॅपटॉपवर वाजतो. आणि बोलायचं म्हटलं तर आमच्या पडवीत कुणी खोकलं तरी चार घरांना कळतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चौलपर्यंत येणं मला होत नाही, म्हणून हा कागद.

टेम्पोत गोधडीत गुंडाळून ह्यांचा कॉम्प्युटर ठेवला आहे. पेटी, मॉनिटर आणि की-बोर्ड. इथल्या खताच्या कारखान्याने ऑफिसातली जुनी मशीनं विकायला काढली तेव्हा ह्यांनी तो घरी आणला आणि पडवीत क्लास काढला, तुला आठवत असेल. आमच्या कोळीवाड्यातल्या अर्ध्या पोरांनी आयुष्यातलं पहिलं बटण ह्याच्यावर दाबलं. हे जायच्या बऱ्याच आधी तो बंद पडला. तरी दर दसऱ्याला हे त्याला पुसून पाटावर घ्यायचे, जाळ्यांच्या शेजारी ठेवून पूजा करायचे. हे गेल्यावर ती पूजा मी चालवते.

आता साहिलला त्या पडवीत पर्यटकांसाठी खोली काढायची आहे. "आई, हे भंगार आहे, कोण बघणार आहे त्याच्याकडे?" म्हणतो. बरीच वादावादी झाली आणि शेवटी असं ठरलं, की दसऱ्याला तो चालू होऊन पाटावर बसला तर घरात राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. मी हो म्हणून बसले आहे. ह्यांची म्हणावी अशी दुसरी वस्तू ह्या घरात उरलेली नाही, दत्ता. कपडे वाटले, होडी दिराकडे गेली.

तू नोकरी सोडून वाडीत जुने कॉम्प्युटर चालू करत बसतोस असं ऐकते. लोक हसतात, हसू देत. पण एक सांगून ठेवते. मिक्सर दुरुस्तीला दिला तर आतली मोटर बदलून आली. घड्याळ दिलं तर नुसतं घड्याळाचं तोंड आपलं, पोट दुसऱ्याचं. हे मी तुझ्याबद्दल म्हणत नाही, पण म्हणत नाही असंही नाही. मला न विचारता एकही भाग बदलायचा नाही. मी त्यात एक खूण ठेवली आहे. काय आणि कुठे, ते सांगणार नाही. मशीन परत आलं की आधी खूण बघेन, मग तुझं कौतुक.

आणि पुढच्या बाजूला फ्लॉपीच्या दोन फटी आहेत. खालची चालते. वरची खराब आहे, हे क्लासातल्या पोरांना तिला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. तूही लावू नकोस.

सुचिताताई


चौल,
२५ जुलै २०२५

ती. सुचिताताईस दत्तात्रेयाचा नमस्कार.

तुझं पाकीट कुणीही उचकटलेलं नव्हतं. ते उघडता उघडता मलाच घाम फुटला आणि पत्राचे दोन तुकडे झाले. पुढच्या वेळी डिंक कमी लाव.

मशीन पोचलं. हालत वाईट आहे. थळची खारी हवा लोखंडाला जगू देत नाही, त्यात आतल्या मुख्य बोर्डावर एक छोटी बॅटरी असते ती फुटून तिचं पाणी सगळीकडे पसरलंय. तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर आहे. व्हिनेगर आणि जुना टूथब्रश घेऊन रोज थोडा थोडा काढतो आहे. पालीच्या अंड्यांची टरफलं निघाली, ती मी टाकली. ती तुझी खूण नसावी अशी आशा आहे.

माहिती साठवायची जी डिस्क असते ती गंजून आवळली आहे. ती जिवंत होणार नाही, भावोजींनी त्यात जे काही ठेवलं असेल ते गेलं. दुसरी बसवावी लागेल. तू म्हणालीस म्हणून विचारतो आहे, एरवी मी कुणाला विचारत नाही.

आता मला काही गोष्टींची नीट उत्तरं दे. ही पेटी भावोजींशिवाय कोण कोण उघडत असे? पाठीमागचे स्क्रू एकासारखा एक नाहीत. साहिल लहानपणी ह्याच्याशी एकटा खेळायचा का? त्याला जाळं विणता येतं का? क्लासातल्या कुणा पोराचं भावोजींशी वाकडं होतं का?

हे का विचारतो ते आत्ता सांगणार नाही. एवढंच सांगतो की सगळाच दोष खाऱ्या हवेचा नाही. ह्या मशीनमध्ये माणसाच्या हाताने काहीतरी करून ठेवलेलं आहे, आणि ते मला बरं दिसत नाही.

तुझा,
दत्तात्रेय


थळ,
२ ऑगस्ट २०२५

चि. दत्तात्रेयास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुरुस्तीला कॉम्प्युटर दिला होता, पोलीस चौकशीला नव्हे. साहिलला जाळं विणता येतं का, हे तुला कशाला हवं? थळात जाळं विणता येत नाही असा पुरुष शोधायला गेलास तर दिवस मावळेल. तो क्लासात बसायचा, बापाच्या हातचा मारही खायचा, पण बापाच्या वस्तूला त्याने कधी वाईट हात लावला नाही. आज तो भंगार म्हणतो ते त्याच्या मुंबईत राहून आलेल्या डोक्यामुळे, मनाने तसा नाही. माझ्या पोराबद्दल मनात काही आणलं असशील तर ते आधी काढून टाक.

आणि एवढं विचारायला तू आत काय पाहिलंस? जे पाहिलंस ते सांगायचं सोडून मलाच उलट प्रश्न करतोस, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आपले आजोबा शेजाऱ्याने रामराम घातला तरी घरी येऊन विचारायचे, आज ह्याने का घातला असेल? तू त्यांच्यावर गेलास. मीही गेले असेन, पण मी निदान विचारते तोंडावर.

तर तोंडावर विचारते. वरच्या फटीला हात लावलास का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

डिस्क बदल. पण जुनी फेकायची नाही, मला परत पाहिजे. ह्यांनी तिच्यात काय ठेवलं होतं ते आता कळणार नाही म्हणतोस, त्याचं वाईट वाटलं. पोरांच्या टायपिंगच्या परीक्षा असतील, दुसरं काय असणार. तरी वाईट वाटलं.

सुचिताताई


चौल,
२१ ऑगस्ट २०२५

ती. सुचिताताईस नमस्कार.

आनंदाची बातमी आधी. भावोजींचं मशीन सुरू झालं. हिरवा थर निघाल्यावर तुटलेल्या तीन-चार रेघा केसाएवढ्या तारेने जोडल्या. मेमरीच्या पट्ट्यांचे दात काळे पडले होते, ते शाळेतल्या खोडरबराने घासले. हसू नकोस, खोडरबरासारखं दुसरं काही नाही. बटण दाबलं, पंखा फिरला, बारीकसा एक आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. तारीख १९८० सालची दाखवत होतं. बॅटरी गेली की ह्या जातीच्या मशीनला तेवढंच आठवतं. नवी बॅटरी घातली, आता ते आपल्याबरोबर चालतंय. त्या वेळी भावोजी शेजारी हवे होते असं फार वाटलं, ताई. त्यांनी एकदा मला ह्याच्यावर पत्र टाइप करून दाखवलं होतं, दोन बोटांनी, आणि संपल्यावर असे बघत होते की जणू होडी किनाऱ्याला लावली.

वरच्या फटीचं काय ते समोरासमोर बोलू. ते कागदावर लिहिण्यासारखं नाही, आणि तुझ्या घरातल्या माणसांचा प्रश्न आहे. दसरा शांतपणे होऊ दे.

आता फक्त उन्हाची वाट बघतो आहे. ऊन कशाला, ते मशीन दारात आलं की कळेल. तुझ्यासाठी थोडी गंमत करून ठेवतो आहे. गणपती झाले की सदाबरोबर पाठवतो.

दत्तात्रेय


थळ,
१३ सप्टेंबर २०२५

दत्तात्रेय,

आशीर्वाद लिहायला हात वळला नाही, म्हणून लिहिलेला नाही.

काल सदाने तुझी ती गंमत आणून दारात ठेवली. गोधडी माझी, दोरी माझी, आतला कॉम्प्युटर दुसऱ्याचा. माझं मशीन पिवळं होतं. जुन्या हस्तिदंतासारखं, मॉनिटरच्या डोक्यावर तर चहासारखं. तू पाठवलंस ते दुधासारखं पांढरं. मला गुडघ्याने दगा दिलाय, डोळ्यांनी अजून दिलेला नाही.

तरी म्हटलं, आधी खात्री करू. पाटावर घेतलं, टॉर्च आणला आणि खूण बघितली. खूण नाही. परत बघितली, प्रणालीला टॉर्च धरायला सांगून बघितली. नाही म्हणजे नाही. साहिल हसायला लागला. "आई, मामाने तुला जुन्याच्या बदल्यात कोरा दिला, तुझा फायदाच झाला ना यार!" सदा बिचारा घाबरला. "मावशी, मी वाटेत कुठं थांबलोच न्हाय, देवाशप्पथ सांगतो."

सदावर माझा संशय नाही. कुणावर आहे ते ऐक. आमच्या शेजारची प्राप्ती किहीमला एका बंगल्यात कामाला जाते. गेल्या आठवड्यात ती सहज म्हणाली, "मावशी, तिथं दिवाणखान्यात तुमच्यावानी पिवळा कॉम्प्युटर आणून ठेवलाय. मुंबईचे चिरागशेठ हायेत ना, त्यांनी चौलच्या कुना माणसाकडनं आणला म्हनतात." तेव्हा मी म्हटलं असेल दुसरं कुणाचं. काल कळलं कुणाचं ते.

वरच्या फटीबद्दल मी सरळ विचारलं तर तू टाळलंस. माझ्याच घरातल्या माणसांची नावं पुढे केलीस. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. चांगली माझ्या तोंडाला पानं पुसलीस.

मशीन सदाबरोबर परत पाठवते आहे. ती लोखंडाची वीटही, जुनी डिस्क म्हणे. तसली कुठलाही भंगारवाला देईल. दसऱ्याला ह्यांच्या पाटावर परक्याचं मशीन बसवून मी पूजा करणार नाही. त्यापेक्षा पडवी मोकळी करून देईन आणि साहिलला म्हणेन, तू जिंकलास. माझं मशीन जिथे असेल तिथून आणून दे, एवढंच मागणं आहे.

सुचिता


चौल,
१७ सप्टेंबर २०२५

ती. सुचिताताईस,

नमस्कार मी लिहितो आहे, तू आशीर्वाद दे किंवा देऊ नकोस.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मी चोर आहे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि पहिल्यांदा म्हटलं ते घरातल्या माणसाने.

आधी रंगाचं. ह्या जुन्या मशीनचं प्लास्टिक उन्हाने आणि वयाने पिवळं पडतं. ते मुळात पांढरंच असतं. केस सोनेरी करायला पार्लरमध्ये जे क्रीम लावतात ते त्यावर थापायचं, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. माझी लेक जागृती अलिबागला पार्लर चालवते, तिच्याकडून डबे आणले. भादव्यात ऊन येतं आणि पळतं, त्यामागे मी अंगणात पेटीची पुढची चौकट आणि मॉनिटरचं कवच घेऊन पळत होतो. शेजारीण विचारत होती, "दत्तूभाऊ, आवंदा पापड का?" भावोजींनी आणलं त्या दिवशी ते जसं दिसत होतं तसं तुला दाखवायचं होतं. ही माझी गंमत. चुकलं असेल तर चुकलं.

आता चिरागशेठचं. त्यांना मी मशीन विकलं हे खरं आहे. ते माझं होतं, पनवेलच्या एका शाळेतून आणलेलं. मी पांढरं करून, चालू करून देतो म्हटलं तर म्हणाले, चालायला नको, पिवळंच दिसायला पाहिजे. त्यावर त्यांनी मनीप्लांट ठेवलाय असं मला नंतर कळलं. ते ऐकून जो त्रास झाला तो मलाच माहीत.

आता तुझी खूण. ती काय आहे ते तू सांगत नाहीस, कारण सांगितलीस तर मी खोटी बनवून ठेवीन असं तुला वाटतं. खरं ना? मग ऐक. मलाही ह्या मशीनमध्ये एक गोष्ट सापडली, ती मी तुझ्यापासून लपवली. मला वाटलं कुणीतरी मुद्दाम भावोजींच्या मशीनची नासधूस केलीय, आणि ते घरातलंच कुणी असेल तर तुला का दुखवा. ती गोष्ट फेकली नाही. पुढेमागे पुरावा लागेल म्हणून जपून ठेवली होती. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून, डबा चिकटपट्टीने बंद करून सदाकडे दिला आहे. त्याला सांगून ठेवलंय, ताईने आपली खूण कागदावर लिहून ते पाकीट तुझ्या खिशात घातलं, की मगच डबा तिच्या हातात द्यायचा. त्याआधी तिने डोळे वटारले तरी द्यायचा नाही.

तुझी खूण मला कळायच्या आत डबा तुझ्याकडे आलेला असेल. मग बनवाबनवीला जागाच राहत नाही. आता तरी माझ्यावर विश्वास ठेव, किंवा निदान सदावर ठेव.

दत्तात्रेय


थळ,
२० सप्टेंबर २०२५

दत्तात्रेयास,

सदा डबा पोटाशी धरून पायरीवर बसला आहे. देत नाही. "मामांनी सांगितलंय, आधी पाकीट." म्हणून लिहिते.

माझी खूण वरच्या फटीत आहे. आपट्याचं पान. एक नाही, दर दसऱ्याचं एक.

ह्यांनी मशीन घरी आणलं त्या वर्षी दसऱ्याला जाळ्यांना सोनं वाहिलं, होडीला वाहिलं, मला वाटलं ह्यालाही द्यावं. वर ठेवलेलं पान पंख्याने उडून जायचं. पुढे ती बारीक फट होती, झाकण ढकललं की आत जाणारी. तिच्यात सरकवलं. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, अगं, ते यंत्र आहे, तिजोरी नव्हे. म्हणून सांगितलं नाही. पूजा झाली की हे नारळ फोडायला खाली समुद्राकडच्या पायरीवर जायचे, तेवढ्यात मी पान आत टाकायची. एक नारळ फोडायला ह्यांना इतका वेळ का लागायचा कुणास ठाऊक, कोळ्याचा मुलगा असून! पण ते माझ्या पथ्यावर पडायचं. हे गेल्यावरही मी टाकते. आता नारळही मीच फोडते, म्हणजे चोरून काही उरलं नाही, तरी आधी इकडेतिकडे बघते.

हे जगात कुणालाही माहीत नाही. पाकीट बंद करून सदाला देते.

_____

डबा उघडला. पहिलं पाकीट सदाच्या खिशात आहे, त्याला थांबवून हा दुसरा कागद लिहिते.

पानं माझीच आहेत. काही अगदी जाळीदार झालीत, हातात धरवत नाहीत. वरचं गेल्या वर्षीचं आहे, त्याला अजून कुंकू आहे. मशीन माझं होतं. मी तुला नाही नाही ते बोलले, दत्ता. प्राप्तीचं ऐकून, पांढऱ्या रंगाला फसून बोलले. मला माफ कर आणि मशीन परत पाठव, दसरा जवळ आला.

पण डब्यात पानांच्या खाली हिरव्या नायलॉनचा दोरा आहे, गाठ मारलेला. तो कसला? दोरा मी ठेवलेला नाही. हे कुणाचं काम?

सुचिताताई


चौल,
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

ती. सुचिताताईस नमस्कार.

तू माफी मागितलीस, तेव्हा मीही मागतो. ती पानं मी कुणा खोडसाळ पोराची करणी समजलो होतो. त्याहून वाईट म्हणजे साहिलची. त्याला हे सांगू नकोस.

आता दोऱ्याचं. नीट वाच, कारण मला स्वतःला हे समजायला तुझं पत्र यावं लागलं.

कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा तो फ्लॉपीच्या प्रत्येक फटीला आतून एकदा फिरवून बघतो, ती जागेवर आहे की नाही. तुझी पानं आत असताना वरची फट फिरली असती तर पहिल्याच दिवशी पानांचा चुरा झाला असता. पण फट फिरलीच नाही. तिला जाणारी वायर आणि पट्टी कुणीतरी काढून ठेवली होती. उपटलेली नव्हे. हलक्या हाताने सोडवून, घडी करून, पेटीच्या कोपऱ्यात ह्या हिरव्या दोऱ्याने बांधून ठेवलेली. मला वाटलं, पानं कोंबणाऱ्यानेच वायर काढली. जाळ्याचा दोरा होता, म्हणून साहिलबद्दल विचारलं.

ताई, वरची फट खराब नाही. मी पानं काढून, साफ करून, वायर जोडून बघितली, ती अगदी नव्यासारखी चालते. ती कधीच खराब झालेली नव्हती. खालची फट मात्र मागाहून बसवलेली आहे, तिचे स्क्रू वेगळ्या जातीचे आहेत. म्हणजे कुणीतरी चांगली चालणारी फट बंद केली, तिच्या खाली दुसरी विकत आणून बसवली, आणि सगळ्यांना सांगितलं की वरची खराब आहे, हात लावू नका.

पेटी उघडून हे करणारा माणूस तुमच्या घरात एकच होता असं मला वाटतं. पण मी ह्या बाबतीत एकदा तोंडघशी पडलो आहे, म्हणून ठामपणे म्हणत नाही. दोऱ्याची गाठ मी सोडली नाही, वायरवरून तशीच सरकवून काढली. गाठ कुणाची ते तू ओळख. आणि वरची फट जोडलेली ठेवू की काढू, ते सदाबरोबर कळव.

दत्तात्रेय


थळ,
३ ऑक्टोबर २०२५

चि. दत्तात्रेयास अनेक अनेक आशीर्वाद. जुने राहिलेलेही ह्यातच धर.

मशीन वेळेवर पोचलं. मी सदाच्या तोंडी निरोप दिला होता त्याप्रमाणे तू वरच्या फटीची वायर काढून पुन्हा त्याच दोऱ्याने बांधलीस, हे पेटी उघडून बघितलं. हो, बघितलं. सवय एका पत्राने जात नाही.

गाठीचं तुला तेव्हाच लिहिणार होते. जाळ्याची गाठ थळात सगळेच मारतात, त्यावरून काही कळत नाही. पण दोऱ्याचं टोक काडीने भाजून चिमटीत दाबून चपटं केलेलं आहे. हे तसं करायचे. किती वेळा सांगितलं, हात भाजतो, कात्रीने कापा. अंगठ्याला कायम डाग असायचा. डबा उघडला त्याच दिवशी मी ते टोक बघितलं होतं, तुला विचारलं ते मुद्दाम, तू काय सांगतोस ते बघायला.

तरी माझं मन तयार होईना. वायर दुसऱ्या कशासाठी काढली असेल, आवाज करत असेल, असं मी स्वतःला समजावलं. ह्यांना माहीत होतं आणि हे इतकी वर्षं बोलले नाहीत, हे पटेना. हे साध्या भाजीतलं मीठ कमी झालं तरी बोलायचे.

काल दसरा झाला. साहिलने स्वतः मशीन पाटावर आणलं. बटण दाबलं, अक्षरं आली, तेव्हा तो पुढे सरकला. मग खाली मांडी घालून बसला आणि बापाने शिकवलेलं काहीतरी टाइप करत राहिला, दोन बोटांनी. भंगाराचं नाव निघालं नाही. प्रणाली म्हणाली, खोलीत येणाऱ्या पाहुण्यांना हे बघायला आवडेल. आवडो न आवडो, ते आता इथेच राहणार.

पूजा झाली. जाळ्यांना सोनं वाहिलं. मी पदरात पान घेऊन बसले होते. साहिल म्हणाला, "आई, नारळ आण, मी फोडतो." तो समुद्राकडच्या पायरीवर गेला. मी फटीचं झाकण बोटाने ढकललं, पान आत घालणार, तेवढ्यात तो नारळाची दोन भकलं हातात घेऊन परत दारात उभा. एकाच घावात फोडला होता. मला पान सरकवायलाही सवड मिळाली नाही. त्याच्यासमोरच टाकलं, आणि मग त्याच्यासमोरच रडले.

हे गेले तेव्हा माणसांनी भरलेल्या घरात मला नीट रडता आलं नव्हतं. ते काल आलं.  साहिल जवळ बसून खोबरं चिरत राहिला.

तू दिवाळीत इकडे ये. येताना जागृतीलाही आण. तुझ्यासाठी चिंबोऱ्या करीन, आणि एक गोष्ट विचारीन. ती कालपासून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

दत्ता, एक नारळ फोडायला किती वेळ लागतो रे?

सुचिताताई